खंड्याला घेऊन किनाऱ्यावर

आमच्या कुत्र्याचे नाव खंड्या. तो घरी आला तेव्हा मला पक्षी पाहण्याचा नाद लागून दोन वर्षे झाली होती, आणि सकाळचा एकच तास मोकळा मिळत असल्यामुळे त्याला फिरवणे आणि पक्षी पाहणे ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागणार होती. रंकाळ्याच्या पदपथावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून मी कळंबा तलावाचा बांध निवडला, आणि तिथेच एका मे महिन्यात माझ्या हातून चूक झाली.

उन्हाळ्यात तलावाचे पाणी मागे सरले की काठाचे खडे आणि भेगाळलेला गाळ उघडा पडतो. आसपास कोणी नाही असे पाहून मी खंड्याचा पट्टा सोडला. मिनिटभरात दोन टिटव्या आकांत करत त्याच्या डोक्यावर झेपा घेऊ लागल्या. टिटवी जमिनीवरच उथळ खळग्यात अंडी घालते हे मला ठाऊक होते, तरी आठ-दहा पावलांवरची अंडी मला दिसली नव्हती. मातकट रंगावर काळपट डाग असलेली चार अंडी, निमुळती टोके आत वळवलेली, खड्यांत खडे होऊन पडली होती. खंड्याला कसेबसे ओढून मी बांधावर आणले आणि दुर्बिणीतून पाहत राहिले. टिटवी लगेच परतली नाही. उन्हे चढत होती आणि ती अकरा मिनिटे लांबच उभी होती. मग ती पाण्यात उतरली, पोटाची पिसे भिजवून घेतली आणि तशीच ओलेत्या पोटाने येऊन अंड्यांवर बसली. कडक उन्हात अंडी थंड राहावीत म्हणून टिटवी असे करते. उघडी राहिलेली अंडी तापली तर आतला जीव दगावतो, आणि त्या दिवशी ती माझ्यामुळे उघडी राहिली होती. ती अकरा मिनिटे मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून पाण्याजवळ पट्टा सोडायचा नाही हे पक्के झाले. पण नुसता पट्टा पुरत नाही. दुर्बिणीला दोन्ही हात लागतात, आणि साखळी मनगटाला गुंडाळून पाहत असताना खंड्याने एकदा असा हिसका दिला की दुर्बीण भुवईवर आपटली. मग मी पाच मीटरची सुती दोरी कमरेला बांधू लागले. ‘बस’ म्हटल्यावर तो बसत असे. बसून राहणे शिकवायला मात्र सगळा पावसाळा गेला. उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे खिशात ठेवायचे, आधी दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग पाच मिनिटे, आणि तो मधेच उठला तर न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. गणपतीच्या सुमारास लक्षात आले की तो आता माझ्या शब्दाची वाटच पाहत नाही. दुर्बीण डोळ्यांना लागली की खाली बसतो आणि ती छातीवर आली की उठतो. एक अडचण नावाची होती. कोणी तारेवरचा खंड्या दाखवला की हा शेपटी हलवत उभा राहायचा, म्हणून फिरताना त्या पक्ष्याला आम्ही धीवर म्हणू लागलो.

ऑक्टोबरात पांढरे धोबी आले, काठाने शेपटी हलवत चालणारे तुतवार रोज दिसू लागले, आणि मी पावले मोजायला लागले. पक्षी उडतो त्याच्या बराच आधी तो टिपणे थांबवून मान वर करतो. मी एकटी असले तर तुतवार साधारण वीस पावलांवर मान वर करी, खंड्या बरोबर असला तर चाळीस पावलांवर. मान वर झाली की आम्ही थांबायचे आणि ती पुन्हा खाली गेली नाही तर मागे फिरायचे, हा नियम मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला.

जानेवारीत गगनबावड्याचा घाट उतरून आम्ही देवगड तालुक्यात आत्याकडे गेलो. तिथली मंडळी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अंगणात चहा घेताना आतोबा म्हणाले, “आज दुतिया मा? मगे दीडाक भरती.” म्हणजे ओहोटीची हद्द सकाळी साडेसातच्या सुमारास. पाणी चढू लागले की चिखलात आणि ओल्या वाळूत विखुरलेले पक्षी हळूहळू वर सरकतात, म्हणून साडेआठला निघायचे ठरले. आतोबांनी आणखी एक गोष्ट बजावली. रापणीच्या जाळ्यातून टाकून दिलेला केंड मासा वाळूत पडलेला असतो आणि तो विषारी असल्यामुळे कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये. खारे पाणी पिऊनही कुत्र्याला उलट्या होतात, तेव्हा गोड्या पाण्याची बाटली आणि वाडगा बरोबर घेतला.

रापणीजवळ कुरवांचा थवा होता. काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात काळ्या डोक्याचा नसतो, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो, हे पुस्तकात वाचलेले तिथे प्रत्यक्ष पाहिले. बराच वेळ पाहून दुर्बीण खाली घेतली, तरी खंड्या उठेना. कान उभारून तो कोरड्या वाळूकडे पाहत होता. तिथे मला काहीच दिसत नव्हते. पुन्हा दुर्बीण लावली तेव्हा माणसांच्या पावलांनी पडलेल्या खळग्यांतून, वाऱ्याकडे तोंड करून बसलेले चिखल्या पक्षी एकेक करून उमटू लागले. एका खळग्यात एक, असे एकतीस मोजले. मध्य आशियातल्या आणि हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर वीण करून हे मूठभर जीव आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढायला येतात. इथे त्यांनी खाऊन साठवलेल्या चरबीवरच परतीचा प्रवास व्हायचा असतो, आणि थवा एकदा उठवला की त्यातला थोडा साठा विनाकारण खर्च होतो.

मी वाळूत बसले, खंड्या माझ्या गुडघ्याला टेकून आडवा झाला. पाणी चढत गेले तसे ओल्या वाळूवरचे चिखल्याही वर आले; थोडे धावायचे, थबकायचे, टिपायचे, पुन्हा धावायचे. एक तर आमच्यापासून बारा पावलांवर येऊन एका पायावर उभा राहिला. त्याची मान वर झाली नाही. पाऊण तासाने निघायची वेळ झाली तेव्हा आल्या वाटेवर थवा बसलेला होता, म्हणून आम्ही सुरूच्या बनातून लांबचा वळसा घेतला. बनाच्या टोकाला थांबून मागे वळून मोजले, तेव्हा ते बेचाळीस होते.