ठाण्याची छपरं, अपडेट ४: पत्रा दिसला म्हणून फसलो

मंडळी, मागच्या अपडेटला मी मोठ्या तोऱ्यात नौपाड्याचा नकाशा टाकला होता, लाल म्हणजे स्लॅब आणि निळा म्हणजे पत्रा. तो नकाशा विसरा. म्हणजे चुकलेला नाहीये तसा, पण ज्या कामासाठी काढला त्या कामाचा नाही, आणि हे मला कळलं एका सोसायटीच्या गच्चीवर, सेक्रेटरी काकांची बोलणी खाताना.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहाच्या फुकट इमेजेस, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, रँडम फॉरेस्ट हे उदाहरणांवरून शिकून पिक्सेलचं वर्गीकरण करणारं मॉडेल, इमारतींच्या आउटलाइन गूगलच्या ओपन बिल्डिंग्ज डेटामधून. ठाण्यात कुठे किती काँक्रीट, लोखंड, वीट उभी आहे याचा ढोबळ अंदाज बांधायचाय, कारण रीडेव्हलपमेंटच्या रांगेत एवढ्या बिल्डिंगी आहेत की हे सगळं एक दिवस डेब्रिज होऊन डंपरमधून जाणारे.

वागळे इस्टेटमध्ये सोपं गेलं, शेड मोठ्या, एकेकीवर दहा-पंधरा पिक्सेल आरामात बसतात. नौपाड्यात बिल्डिंगच मुळात वीस बाय बारा मीटरची आणि पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे अख्ख्या छपराच्या वाट्याला दोन-अडीच पिक्सेल, त्यातही शेजारचं आंब्याचं झाड नि गल्लीतलं डांबर घुसलेलं, आणि बँड म्हणजे प्रकाशाचे जे वेगवेगळे पट्टे उपग्रह टिपतो, त्यातले मटेरियल ओळखायला सगळ्यात उपयोगी बी११, बी१२ हे इन्फ्रारेड बँड तर २० मीटरचे. तरी निळ्या पत्र्याचा रंग इतका भडक की बी२ ला (निळा बँड) बी४ ने (लाल बँड) भागलं की तो सापडतो. पण ताडपत्रीही सापडते! प्लास्टिकची खरी ओळखखूण १७३० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ असते आणि बी११ ची खिडकी १६५५ च्या आसपासच बंद होते, दुसरी खूण २३१० ला, तिथे बी१२ पोचत नाही. दोन्हीकडे थोडक्यात हुकतं राव.

स्लॅबची वेगळीच गंमत. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं, ते वाळून काळं पडतं, आणि माझं मॉडेल त्या गच्च्यांना बिनधास्त डांबर म्हणत होतं. उलट जुन्या रस्त्यावरचं डांबर झिजून खडी उघडी पडते तेव्हा रस्ता फिका होतो, आपल्याकडची खडी काळ्या बेसॉल्टची म्हणून तेवढा पांढरट होत नाही एवढंच. शेवटी आउटलाइनच्या आतलं डांबर सरळ स्लॅबमध्ये ढकललं, शास्त्र वगैरे काही नाही, जुगाड.

आता गच्ची. मॉडेलने पत्रा म्हटलेल्या बिल्डिंगी प्रत्यक्ष बघायला निघालो, तळमजला अधिक तीन वाली एक जुनी सोसायटी होती, वर निळी शेड. वॉचमनने काकांना बोलावलं, काकांनी हातातला टेप पाहिला आणि पहिलं वाक्य, "आमची शेड अधिकृत आहे हां, कागद आहेत." म्हटलं काका मी पालिकेतला नाही, छंद म्हणून छपरांचा नकाशा करतोय. "छंद? पत्र्यांचा?" मग मोबाइलवर त्यांचीच बिल्डिंग दाखवली, तेव्हा जरा निवळले, चहा झाला, आणि वर नेऊन त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या बँडात दिसणार नव्हतं. सगळ्यात खाली मूळ स्लॅब, त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), त्यावर चायना चिप्स (फुटक्या टाइल्सचे तुकडे), तरी गळती थांबेना म्हणून डांबराची शीट, तरी थांबेना म्हणून लोखंडी अँगल उभे करून पत्रे. सॅटेलाइटला दिसतो तो शेवटचा अर्धा मिलिमीटर. आणि जाता जाता काका म्हणाले, "ही आरसीसी नाही बरं का, लोड बेअरिंग आहे, भिंती बघा किती जाड." म्हणजे भार काँक्रीटच्या खांब-बीमवर नाही, विटांच्या भिंतींवर. मी दोनदा आपटलो. वरून बघून पत्र्याची म्हटली आणि पत्रा काढला तर आरसीसी म्हणणार होतो!

हिशोबात याने काय फरक पडतो बघा. साइटवरचा ढोबळ हिशोब असतो, स्क्वेअर फुटाला ०.४ गोणी सिमेंट आणि साधारण ४ किलो लोखंड. हा आरसीसी फ्रेमचा. दहा हजार स्क्वेअर फुटाच्या बिल्डिंगला ४० टन लोखंड येतं, पण भार विटांच्या भिंतींवर असेल तर लोखंड मुख्यतः स्लॅबपुरतं, म्हणजे आकडा बराच खाली आणि विटा भरमसाट. आणि घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये उलटं, मायवान शटरिंगमध्ये (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात) भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, वीट जवळजवळ नाहीच. एकच आकडा सगळ्यांना लावून चालणार नाही.

म्हणून आता छप्पर सोडून उंची आणि वय धरतोय. उंची सावलीवरून. सेंटिनेल सूर्याच्या स्थानिक वेळेने सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो (आपल्या घड्याळात अकरा वाजून गेलेले असतात), डिसेंबरात तेव्हा सूर्य ४२ अंशांवर असतो, म्हणजे ९० मीटरच्या टॉवरची सावली १०० मीटर, दहा पिक्सेल. तोच टॉवर मे महिन्यात साडेतीन पिक्सेल. त्यामुळे उंचीसाठी फक्त डिसेंबर-जानेवारीच्या इमेजेस. अर्थात टॉवर एकमेकांना चिकटून असले की एकाची सावली दुसऱ्याच्या भिंतीवर चढते आणि उंची कमी निघते, कोलशेतला हे जाम त्रास देतंय, नौपाड्यात तर सावलीचा नादच सोडलाय.

वयासाठी डीएलआर या जर्मन अवकाश संस्थेचा वर्ल्ड सेटलमेंट फूटप्रिंट इव्होल्यूशन डेटा घेतला, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या इमेजेसवरून केलेला, १९८५ ते २०१५ दरम्यान कुठला तुकडा कोणत्या वर्षी बांधकामाखाली आला ते ३० मीटरच्या पिक्सेलने सांगतो. घोडबंदरला छान चालतो, मोकळ्या जमिनीवर बिल्डिंग आली की दिसते. खाडीपलीकडे ऐरोली, घणसोलीला अजून छान चालावा, सिडको १९७० ची, पण नवी मुंबईतले बरेचसे नोड (सिडकोने आखलेली उपनगरं) नंतर भरले. नौपाड्यात शून्य उपयोग, तिथे १९८५ ला सगळं आधीच भरलेलं आणि पाडून पुन्हा बांधलं तरी डेटाला पत्ता नाही. तिथे काकाच लागणार.

पुढच्या महिन्यात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजला जातोय, चार्ल्स कोरियांची उतरत्या छपरांची घरं, मूळ कौलं किती उरली आणि किती घरांवर नंतर मजले चढले ते मोजायला. त्याआधी ऐरोली-कोपरखैरणेवाल्यांनो, तुमच्या गच्चीवर शेड असेल तर दोन गोष्टी कळवा, पत्र्याचा रंग आणि पत्रे कोणत्या साली टाकले. बिल्डिंगचं नाव नको, सेक्टर पुरे. आणि कोणाकडे लोड बेअरिंग असेल तर भिंतीची जाडी प्लीज, प्लास्टरसकट.