सॉल्ट लेकची डर्बी आणि ऑफसाइडची रेषा

कोलकात्याला जायचं ठरलं तेव्हा हावडा ब्रिज, व्हिक्टोरिया, मिष्टी दोई एवढीच यादी होती, पण मित्र म्हणाला डर्बी आहे, म्हणजे शहरातल्या दोन कट्टर फुटबॉल क्लबांची मॅच, बाकीचं नंतर बघू. त्याचं घराणं पूर्व बंगालातून आलेलं, बांगाल, त्यामुळे अख्खं घर ईस्ट बंगालचं, लाल-पिवळं. समोर मोहन बागान, हिरवा-मरून. ईस्ट बंगाल जिंकलं की घरी इलिश (हिलसा मासा), बागान जिंकलं की त्यांच्याकडे चिंगरी (कोळंबी), हे आजही मनापासून चालतं बरं का!

ग्रीन लाइन मेट्रोने सॉल्ट लेक स्टेडियमला उतरलो. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल इथेच झाली होती, ०-२ ने मागे पडलेल्या इंग्लंडने स्पेनला ५-२ ने हरवलं होतं. आम्ही झालमुडीचे, म्हणजे तिखट मुरमुऱ्यांचे, कागदी पुडे घेऊन पार वरच्या रांगेत जाऊन बसलो.

मी आयुष्यभर क्रिकेट बघितलेला माणूस, त्यामुळे नजर सारखी बॉलवर. मित्राचे काका शेजारी बसलेले, म्हणाले, "बॉल मत देखो, उनका डिफेन्स देखो." आणि मग दिसलं की चारही डिफेंडर एका रेषेत पुढे-मागे सरकतायत, एकाने हात वर केला की सगळे दोन पावलं पुढे, आणि त्याच वेळी आमचा स्ट्रायकर त्या रेषेला चिकटून उभा, मागून पास सुटायची वाट बघत. पासवाल्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी स्ट्रायकर बॉलपेक्षाही आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या प्लेअरपेक्षाही त्यांच्या गोलच्या जवळ असला तर ऑफसाइड (शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपरच असतो). बॉल पोचतो तेव्हा तो कुठे आहे याला काही अर्थ नाही! हे कळलं आणि लाइन्समनचा झेंडा वर गेला की मीपण ओरडायला लागलो. थ्रो-इनला ऑफसाइड नसतो हेही तिथेच कळलं, म्हणूनच थ्रोच्या वेळी स्ट्रायकर बिनधास्त पार पुढे जाऊन उभा राहत होता.

हाफ टाइमला काकांनी १९११ ची गोष्ट सांगितली, २९ जुलैला बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी टीमला २-१ ने हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, अकरातले दहा जण अनवाणी! स्वतः कट्टर ईस्ट बंगालवाले, पण हे सांगताना आवाज भरून आला होता त्यांचा.

कोणी पहिल्यांदा जाणार असाल तर मैदानाजवळची सीट घेऊ नका, वरची घ्या. ती रेषा वरूनच नीट दिसते.