तूप नको, लोणी नको, दही नको: संक्रांतीच्या आधीची मुंबई

पंचवटी एक्सप्रेसने इगतपुरी सोडलं आणि आईने पिशवीतून दशम्यांचा डबा काढला. म्हणाली, वरच्या चार तुझ्या, गुळाच्या पाण्यात भिजवल्यात, दुधाच्या खाली आहेत. मी काहीच बोलले नाही, खाल्ल्या. तीन वर्षांपूर्वी मी दूध-तूप सगळं बंद केलं तेव्हा हीच आई आठ दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती, तिला वाटायचं मी घरावरच रुसलेय. आमच्याकडे निफाडला लहानपणी गोठा होता, शेतात ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्हे ठेवून करायचं काय म्हणून एकेक करून बाजारात गेले आणि त्यातला एक माझ्या हातून कोंडा खायचा, तो गेला त्या दिवशी गाय रात्रभर हंबरत होती. ते डोक्यातून कधी गेलंच नाही, निर्णय मात्र घ्यायला चाळिशी उजाडली. असो.

मुंबईला जायचं कारण आईचं होतं. हळदीकुंकवाचं वाण घ्यायला ती दर दोन-तीन वर्षांनी भुलेश्वरला जाते, गिरगावात मावशी आहे, तिच्याकडे राहायचं. माझी यादी वेगळी होती. एक, दोन दिवस बाहेर पोटभर खायचं आणि कुठेही उपाशी राहायचं नाही. दोन, स्वयंपाकघरात काही गोष्टी हव्या होत्या त्या बघून घ्यायच्या.

दादरला उतरून आधी वडापाव. छबिलदासच्या गल्लीत गर्दी नेहमीचीच. बटाटावडा म्हणजे बटाटा, बेसन, लसूण, मिरची, हळद आणि तेल, त्यात दुधाचा काही संबंध नाही, सुकी लसणाची चटणी पण चालते. प्रश्न पावाचा असतो. साध्या लादीपावाला मैदा, यीस्ट, मीठ, साखर लागते पण काही बेकऱ्या वरून चकाकी यायला दूध किंवा लोणी फिरवतात, म्हणून मी विचारते. गाडीवाल्यांना माहीत असतं, ते सरळ सांगतात. आईला हे विचारणं म्हणजे लाज वाटण्यासारखं वाटत होतं, ती दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.

मग आस्वाद. शिवसेना भवनाच्या समोर, बाहेर नंबर लावून उभं राहायचं. इथल्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमधल्या फूडी हब पुरस्कारांत जगातली सगळ्यात चविष्ट शाकाहारी डिश म्हणून निवडलं होतं, मावशी हे प्रत्येक वेळी सांगते. मी मिसळ घेतली, दही नको म्हणून आधीच सांगितलं, आईने थालीपीठ घेतलं आणि त्यावरचं लोणी बघून माझ्याकडे बघितलं. मला वाईट नाही वाटत आता. मटकीची उसळ, कट, फरसाण, कांदा, लिंबू, एवढ्यावर माणूस जगातला सगळ्यात सुखी होऊ शकतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुपारी माटुंग्याला गेलो, रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, स्टेशनला लागूनच आहे, १९४२ पासून चालू. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, पापड. बसल्या बसल्या वाढणाऱ्या काकांना सांगितलं, काका माझ्या पानात तूप, दही, ताक, दूध घातलेलं काहीच नको. त्यांनी मान हलवली आणि कुठल्या भाजीत काय आहे ते बोट दाखवून सांगितलं. माझी दह्याची वाटी आईकडे गेली, तिचा पापड माझ्याकडे आला, हिशोब बरोबर.

दुसऱ्या दिवशी फोर्टात एका हॉटेलात याच्या उलट झालं आणि चूक माझीच होती. घाईत मी नुसतं म्हटलं, व्हीगन हवंय, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेलं, पण हे काही मी सांगितलं नाही. वेटर मुलगा चांगला होता बिचारा, हो मॅडम, प्युअर व्हेज आहे, जैन पण मिळेल म्हणाला, आणि मसाला डोसा आला तो वर लोण्याचा गोळा घेऊनच. परत पाठवला तर तो पुसून परत आला असता, म्हणून आईने खाल्ला आणि मी दुसरा मागवला. तेव्हापासून पक्कं ठरवलंय की तो शब्द वापरायचाच नाही. मुंबईच्या हॉटेलवाल्यांना जैन म्हटलं की क्षणात कळतं, कांदा नाही लसूण नाही बटाटा नाही, पण तूप-दही त्यात बसतं, आणि आपल्याला बरोबर उलटं हवं असतं. म्हणून नावं घेऊन सांगायचं: तूप नको, लोणी नको, दूध-दही-ताक नको, पनीर नको, तेलात करा. पाच सेकंद लागतात. स्वयंपाकघरातल्या माणसाला त्यातून काय करायचं ते कळतं, शब्दावरून नाही कळत. आणि काही पदार्थांना जास्त विचारायचं. साध्या डोशाच्या पिठात तांदूळ आणि उडीद, पण रवा डोशात बरेच जण ताक घालतात. साबुदाण्याची खिचडी बहुतेक तुपातच. ढोकळ्यात दही. नान-कुलच्याच्या पिठात दही किंवा दूध. पावभाजी तर विचारूच नका, तव्यावर लोण्याची वीटच असते, मी भाजी तेलात वेगळी करून द्याल का विचारते, गर्दी नसेल तर करतात.

पहिल्या दिवशी रात्री मावसभाऊ हौसेने वांद्र्याला एका कॅफेत घेऊन गेला होता, सगळं व्हीगन असलेल्या. काजूच्या चीजचा पिझ्झा खरंच छान होता, मेनू वाचताना काही विचारावं लागत नाही हे सुख मोठं आहे, पण तिघांचं बिल बघून मला माझं नाशिकचं किराणा बिल आठवलं. वर्षातून एकदा ठीक. माझं म्हणणं एवढंच की नवीन माणसाला आपण पहिल्यांदा अशा ठिकाणी नेतो आणि त्याला वाटतं हे श्रीमंतांचं काम आहे, खरं तर त्याला आधी उसळ-भाकरी खाऊ घालायला पाहिजे.

आणि ते मला मावशीकडे मिळालं. मावशीचं सासर देवगडकडचं, ठाकुरद्वारला चाळीत दोन खोल्या. सकाळी सहाला उठले तर ती जमिनीवर विळी घेऊन बसली होती, एक पाय पाटावर, पुढे परात, आणि नारळाची वाटी खवणीवर फिरवत होती. तिच्या हाताकडे मी कितीतरी वेळ बघत बसले. वाटी मधून नाही खवायची, कडेने सुरुवात करायची आणि गोल गोल फिरवत आत यायचं, करवंटीचा तपकिरी भाग दिसायला लागला की थांबायचं नाहीतर दुधाला रंग येतो. खोबरं मिक्सरला कोमट पाण्यात फिरवून तिने जुन्या धुतलेल्या मलमलच्या साडीच्या तुकड्यात घेतलं, पुरचुंडी केली आणि पिळली, पहिलं दूध घट्ट, सायीसारखं. ते बाजूला. चोथ्यात परत पाणी, परत पिळलं, हे पातळ. वालाची उसळ पातळ दुधात शिजली, घट्ट दूध अगदी शेवटी घालून गॅस बंद, कारण उकळी आली की फाटतं. उरलेल्या दुधात कोकमाचं आगळ, लसूण, मिरची, मीठ, झाली सोलकढी. तांदळाची भाकरी. मी पाटावर बसून चार भाकऱ्या खाल्ल्या आणि मावशीला म्हटलं, मावशी तू आयुष्यभर जे करतेस ते लोक वांद्र्याला केवढ्याला विकतायत माहितीये का. ती म्हणाली, अगं आमच्याकडे गाय कुठे होती, माड होते.

तर खरेदी. क्रॉफर्ड मार्केटला उतरलो, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ ची इमारत. आत परदेशी पाकिटांची दुकानं आहेत, ओट्सचं, बदामाचं, सोयाचं पेय, खोक्यांच्या रांगा. पाकीट उलटून वाचायची सवय लावून घ्या. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दुधाची पावडर असू शकते, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन असे शब्द शोधायचे. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळं चिन्ह आलंय, हिरवं व्ही अक्षर आणि त्याला पान फुटलेलं, पण ते अजून थोड्याच पाकिटांवर दिसतं. मी काहीच घेतलं नाही, कारण घरी करता येतं.

लोहार चाळीत मिक्सर बघितले. माझा जुना ५०० वॉटचा आहे, सोयाबीन वाटताना गरम होऊन बंद पडतो, म्हणून ७५० वॉटचा घेतला. दुकानदार भाऊ सोयामिल्कचं आपोआप चालणारं यंत्र पण दाखवत होते. नाही घेतलं. रात्रभर भिजवलेलं वाटीभर सोयाबीन सालं काढून उकळत्या पाण्यात वाटायचं, गार पाण्यात वाटलं तर कच्च्या घेवड्यासारखा वास येतो, सगळ्यांची तक्रार याच वासाची असते. मग गाळून पंधरा-वीस मिनिटं नीट उकळायचं, हे टाळायचं नाही कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो तो उष्णतेनेच जातो. चहात घालताना दूध वेगळं गरम करून कपात शेवटी ओतायचं, आल्याच्या कडक चहात उकळलं की फुटतं. ओट्सचं दूध उकळवू नका, बुळबुळीत होतं. आणि घाई असेल तर काजूचं, ते गाळावं पण लागत नाही.

टेबलवरचा ओला ग्राइंडर घ्यायचा का यावर आईचा आणि माझा रस्त्यातच वाद झाला. दगडावर पीठ गार राहतं, हवा भरते, इडली हलकी होते हे खरं, पण आमच्याकडे दोनच माणसं आणि ते धूड धुणार कोण. शेवटी नाही घेतला. तांबाकाट्याच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात बिडाचा तवा घेतला, डोसे-घावनांना, आणि लोखंडाची छोटी कढई. नवीन तवा आणल्यावर धुऊन, तेल लावून, मंद आचेवर तापवून, दोन-तीनदा असं केल्याशिवाय त्यावर काही टाकू नका, पहिलं घावन चिकटलं की लोक तव्याला शिव्या देतात. मोड आणायचा जाळीचा डबा बघितला पण ओल्या फडक्यात मोड जास्त चांगले येतात असं आई आणि दुकानदार दोघं म्हणाले, तिथे मी हरले.

आणि विळी. भुलेश्वरच्या गल्लीत पाय घडी होणारी खवणीची विळी मिळाली, ओट्याला लावता येते, माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. पितळेची सुंदर होती पण पातं लोखंडाचंच बघून घ्या, आईने नखावर दात घासून बघितले आणि मगच पैसे दिले.

वाण मात्र ठरेना. प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या गाळण्या, आरसे, गल्लीभर बायकाच बायका, सगळीकडे तिळाचा वास. आई एका गाळणीच्या दुकानासमोर उभी राहिली आणि एकदम म्हणाली, मावशीने कशात पिळलं गं ते दूध? मलमलमध्ये. मग चल. तशीच मला मंगळदास मार्केटला घेऊन गेली, तिथे तागेच्या तागे, सहा मीटर पांढरी मलमल घेतली, कांजी नसलेली मागून घेतली, आणि परतीच्या गाडीत हिशोब करत बसली की एका पिशवीला किती, चाळीस बायकांना किती, नाडी घालायची की नाही.

घरी आल्यावर चार दिवस मशीन चालू होतं. पिशव्यांसोबत एका कागदावर तिने माझ्याकडून लिहून घेतलं, यात दूध गाळा, चक्का बांधा, चोथ्याची थालीपिठं करा. मी खाली एक ओळ वाढवली की माझ्यासारखं सगळंच सोडणार असाल तर बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, वनस्पतींतून ते मिळत नाही, बाकी कॅल्शियमला नाचणी आणि तीळ आपल्या घरात आहेतच, नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास असतं.

शेवटची पिशवी शिवून झाली त्या रात्री आईने स्वतःहून शेंगदाणे भिजवले. सकाळी सालं काढून वाटले, नव्या पिशवीतून गाळले, दूध उकळून कोमट केलं आणि त्यात हिरव्या मिरचीचे आठ-दहा देठ टाकले, विरजणाऐवजी, हे मी तिला कधीतरी सांगितलेलं तिने लक्षात ठेवलं होतं. पातेलं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर लागलं होतं, वर थोडं पाणी सुटलेलं. तिने देठ काढले, चमच्याने एक कोपरा मोडून तोंडात टाकला, जरा वेळ थांबली आणि म्हणाली, काकडी किसून ठेव, मीठ-जिरं घालून कोशिंबीर करू.