सुया कशाला वाटता, सेंटरमध्ये टाका की!

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: “गर्दुल्ल्यांना सुया कशाला वाटता? त्यापेक्षा उचलून तीन महिने सेंटरमध्ये टाका की.” विचारणारे बहुतेक आईबाप किंवा थोरला भाऊ, कधी नगरसेवक, कधी हवालदार. माझं उत्तर दर वेळी अर्ध्यावर तुटतं, कारण समोरचा तोवर तापलेला असतो आणि खरं सांगायचं तर मीही.

सेंटरशी, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्राशी, माझं वैर नाही. मला धास्ती वाटते ती तिथून घरी यायच्या दिवसाची.

रोज पावडर, म्हणजे ब्राउन शुगर किंवा हेरॉइन, घेणाऱ्याच्या मेंदूतला श्वास चालवणारा भागही त्या मापाला सरावलेला असतो. पावडर थांबली की हा सराव उतरू लागतो, दोन आठवड्यांत बराच उतरतो. ओढ मात्र जागच्या जागी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. तुरुंग वेगळा, सेंटर वेगळं, हे मला कळतं. शरीराला कळत नाही.

ती संध्याकाळ एकाच घरातली नाही, म्हणून नाव कुणाचंच घेत नाही. पोरगा घरी येतो. गाल भरलेत, डोळे स्वच्छ झालेत. आई सुरमई तळते. वडील “झालं गेलं विसरू” म्हणतात. नऊच्या सुमाराला तो “जरा खाली जाऊन येतो” म्हणतो, येतो आणि बाथरूममध्ये शिरून कडी लावतो. घेतो ते जुन्या मापाने, कारण हाताला तेच ठाऊक. पंधरा मिनिटं होतात. शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून दार हळूच वाजवलं जातं. आतून घोरणं ऐकू येतं, म्हणून सगळे सुस्कारा सोडतात: झोपलाय.

ते घोरणं नसतं. घसा सैल पडून श्वास अडकत असतो. दार तोडलं तर दिसतं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, नखं निळी पडलीत, सावळ्या माणसाचे ओठ राखेसारखे दिसतात आणि श्वास मिनिटाला बारासुद्धा नाहीत. मग जो तो आपलं शहाणपण चालवतो. कुणी थंड पाण्याची बादली ओततं, कुणी दूध पाजतं. बेशुद्ध माणसाला पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. सोबतचा मित्र मिठाचं पाणी शिरेत टोचतो. मिठाचा पावडरवर काडीचाही परिणाम नाही, पण हाताशी असलेली चार-पाच मिनिटं त्यात जातात, आणि प्राणवायूवाचून मेंदू तेवढाच तग धरतो.

करायचं ते असं. मोठ्याने नावाने हाक मारा, मुठीच्या सांध्यांनी छातीचं मधलं हाड जोरात चोळा. प्रतिसाद नाही? १०८ लावा आणि “श्वास बंद पडतोय” एवढं सांगा. उताणं निजवा, तोंडात काही असेल तर काढा, डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत. दोन श्वास द्या, मग दर पाच सेकंदांनी एक. छाती वर उचलली गेली तरच श्वास पोचला. श्वास पूर्ण थांबला असेल आणि नाडीही लागत नसेल तर छाती दाबायला लागा. नॅलोक्झोन, म्हणजे पावडरचा असर उतरवणारं इंजेक्शन, असेल तर ०.४ मिलिग्रॅमचं एक अँप्यूल मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसरं. तोवर श्वास देणं थांबवायचं नाही. श्वास चालू झाला की डाव्या कुशीवर.

इथेच लोक फसतात. तो उठून बसतो, टर्कीने, म्हणजे नशा तुटल्याच्या त्रासाने, तडफडत शिव्या देतो, सगळे म्हणतात वाचला. नॅलोक्झोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, पावडर त्याहून जास्त टिकू शकते, आणि तो पुन्हा बुडतो. म्हणून दवाखाना हवाच. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील तर त्यांवर नॅलोक्झोन चालत नाही.

आणि ते घरात असतं कुठे? चिठ्ठीचं औषध आहे.

आता सुया. नुसती सुईच नव्हे, एकाच चमच्यातून, कापसातून, पाण्यातूनही हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार पसरतो. त्याचा बारा आठवड्यांचा उपचार २०१८पासून सरकारी योजनेत फुकट मिळतो, तरी न होणं बरं. सुई देणं गुन्हा नाही, हे २०१७च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम २२मध्येच आहे. हवालदारसाहेब, हे तुमच्यासाठी. आणि सुई घ्यायला येणारा आज हातावरचं गळू दाखवतो, पुढे कधीतरी गोळीचं विचारतो.

गोळी म्हणजे बुप्रेनॉर्फिन, पावडरऐवजी घ्यायचं, ओढ आणि टर्की आवरणारं औषध. केंद्रावर समोर बसवून जिभेखाली देतात, विरघळेपर्यंत गिळायची नाही. पहिली गोळी जांभया, वाहतं नाक, अंगावर काटा अशी टर्की सुरू झाल्यावरच. घाई केली तर गोळीनेच टर्की उसळते आणि माणूस परत फिरकत नाही. “एक नशा सोडून दुसरी” असं मीही म्हणायचे, तेही ठासून. आता म्हणत नाही, कारण गोळीवरच्या माणसाचा सराव उतरत नाही, आणि ती संध्याकाळ टळू शकते. पण “किती वर्षं?” असं वडील विचारतात तेव्हा माझ्याकडे आकडा नसतो. काहींना दोन, काहींना बारा. सोडल्यावर धोका पुन्हा तोच. यावर माझं स्वतःशीच पटत नाही.

पोरगा पुढच्या महिन्यात सुटणार असेल तर भरतीच्या ठिकाणी गोळीचं आत्ताच विचारा, १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनवरही विचारा. त्याला सांगा, घेऊ नकोस. घेतलीसच तर एकटा नको, जुन्या मापाने तर मुळीच नको. हे बोलताना आईची जीभ अडखळते, माझीही अडखळते. आणि बाथरूमची आतली कडी काढून ठेवा.