सहा पॉइंट चार आणि ओला अभ्रा

आईच्या उशीचा अभ्रा सकाळी ओला असायचा. मी ठाण्याहून मिरजेला गेले की तिच्याच खोलीत झोपते, म्हणून ते माझ्या नजरेस पडलं. ब्लाउजची पाठ भिजलेली, केस मानेला चिकटलेले. "पंखा पुरत नाही गं हल्ली," ती म्हणाली. डिसेंबर होता. पंखा एकवर होता आणि मी गोधडी गळ्यापर्यंत ओढून झोपले होते.

त्या सकाळी दुधाचं पातेलं हातात धरून ती गॅससमोर नुसती उभी राहिली. मला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली. चहा आणि दोन बिस्किटं पोटात गेली आणि अर्ध्या तासात ती पुन्हा नेहमीची आई झाली, हातात लाल पेन घेऊन पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारी. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलंय तिने. आता ७६ची आहे. घरात सगळ्यांनी मनाशी धरलं होतं की वय झालं, विसरायला लागली. मीही तेच धरलं होतं.

मधुमेह तिला २२ वर्षांपासून आहे. फाइल नीट लावलेली, आणि सगळ्यात वरच्या रिपोर्टवर एचबीए१सी या साखरेच्या रक्ततपासणीचा आकडा ६.४. ज्या डॉक्टरांकडे ती इतकी वर्षं जात होती, त्यांनी शेजारी 'उत्तम' असं लिहून खाली रेघ मारली होती. शिक्षिकेला असा शेरा मिळाल्यावर ती कशाला कुठली तक्रार सांगेल? घामाचं तिने डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. पंख्याचा प्रश्न डॉक्टरांना काय सांगायचा, असं तिचं म्हणणं.

मी तिला सांगलीला एका मधुमेहतज्ज्ञ मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडायला सांगितल्या. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. बीपीसाठी मेटोप्रोलॉल. मग विचारलं, "आई, घाम किती वाजता येतो? छातीत धडधडतं का? हात थरथरतात?"

"धडधड नाही, थरथर नाही. नुसता घाम."

मॅडमनी मान हलवली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. वयाबरोबर मूत्रपिंडाचं काम मंदावतं, त्यामुळे औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं. साखर घसरली की शरीर धडधडून, थरथरून इशारा देतं. पण मेटोप्रोलॉलच्या जातीची बीपीची औषधं नेमके तेच इशारे दाबतात. घाम मात्र त्यांना दाबता येत नाही. इतके महिने आईचं शरीर उरलेल्या एकाच भाषेत बोलत होतं आणि आम्ही पंखा वाढवत होतो. हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

"पण ६.४ आहे की," मी म्हटलं. "म्हणूनच मला शंका आहे," मॅडम म्हणाल्या. "या वयात, या गोळ्यांवर, इतका चांगला आकडा."

तिथेच आईच्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला साखर मोजणारा सेन्सर बसवला. दहाच्या नाण्याहून थोडा मोठा, पांढरा, आणि त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाते. खट् असा आवाज झाला. "झालं?" आईने विचारलं. हा डॉक्टरांचा सेन्सर होता, आपल्याला काही दिसत नाही. तो १४ दिवस अंगावर ठेवायचा, आंघोळ चालते, आणि दर पंधरा मिनिटांनी तो साखरेची नोंद आपल्या पोटात साठवतो. आमचं काम एकच, वही लिहायची. काय खाल्लं, किती वाजता, गोळी कधी, झोप कधी. ते काम आईने दुरेघी वहीत असं केलं, की मॅडमनी पुढे ती वही आपल्या मदतनिसांना दाखवली. 'रा. २.४०. जाग. घाम. पाणी प्याले.' 'दु. १२.३०. दीड भाकरी, शेपूची भाजी, भात वाटीभर (खरं तर दीड वाटी).'

पंधराव्या दिवशी सेन्सर वाचला. १३४४ नोंदी. चौदाही दिवस एकाच चोवीस तासांच्या कागदावर एकावर एक ठेवले की कुठल्या वेळी रोज काय होतं ते उठून दिसतं. दुपारी जेवणानंतर साखरेची रेघ २४०च्या पुढे. रात्री बारानंतर उतरत उतरत तीनच्या सुमाराला पन्नाशीत. मग पहाटे हळूहळू वर. ७०च्या खाली गेलेला वेळ ९ टक्के, म्हणजे रोज दोन तासांहून जास्त, आणि जवळजवळ सगळा मध्यरात्र ते पहाट.

मॅडमनी सांगितलं की २०१९मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून अशा आलेखांसाठी मोजमाप ठरवलं. एरवी दिवसाचा ७० टक्के वेळ साखर ७० ते १८०मध्ये असावी. पण वयस्कर, धोका जास्त असलेल्या माणसाला ५० टक्केही पुरे. त्याच्या बाबतीत ७०च्या खाली एक टक्क्यापेक्षा कमी वेळ जावा, म्हणजे दिवसाला पंधरा मिनिटांच्या आत. आईचे दोन तास जात होते.

आई बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "एका पोराला वीस मार्क, दुसऱ्याला नव्वद. सरासरी पंचावन्न. म्हणून वर्ग पास झाला म्हणायचं का?"

इतक्या नेमक्या शब्दांत मला ते कुणीच सांगितलं नव्हतं. एचबीए१सी ही गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी. दुपारचे २४० आणि रात्रीचे ५५ मिळून तो सुंदर आकडा तयार होत होता. ती तपासणी हवीच, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा फार चांगला आला तर पेढे वाटण्याआधी त्याच्या रात्रींची चौकशी करावी, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

संध्याकाळची एकत्र गोळी बंद झाली, तिच्या जागी नुसती मेटफॉर्मिन आली. सकाळचा डोस निम्मा. एचबीए१सीचं लक्ष्य साडेसात ते आठ. ग्लिमेपिराइडची गोळी वाईट नाही, हेही मॅडमनी बजावून सांगितलं. स्वस्त आहे, कित्येकांना छान लागू पडते. आईला, या वयात, संध्याकाळी ती जड होत होती. आपल्या मनाने मात्र कुणी गोळी बंद करू नये.

खरी धावपळ पुढे झाली. औषध बदलल्यावर महिनाभर घरचा सेन्सर लावायचं ठरलं, साखर कमी झाली की मोबाइलवर वाजणारा आणि मला ठाण्यात दिसणारा. ऑनलाइन मागवला, मिरजेला पोचले, आणि कळलं की आईच्या फोनमध्ये सेन्सर जोडायला लागणारं एनएफसीच नाही. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये नसतं. सेन्सर विकत घ्यायच्या आधी फोनच्या सेटिंगमध्ये हे बघून घ्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी भावाचा जुना फोन आणला. ॲप सगळं इंग्रजीत. आई ते वाचते, पण अक्षर बारीक. फोनचं अक्षर मोठं केलं आणि साखर चढतेय की उतरतेय ते दाखवणारे बाण कसे वाचायचे ते तिने वहीत काढून घेतलं: वर, खाली, आडवा, तिरपा.

तिसऱ्या रात्री तीन वाजता ठाण्यात माझा फोन किंचाळला. ५२. आई फोन उचलेना. मी वरच्या मजल्यावरच्या काकूंना उठवलं, त्या किल्ली घेऊन धावत खाली गेल्या. आई शांत झोपलेली. ठरवल्याप्रमाणे काकूंनी आधी बोट टोचून साखर बघितली. ११८. तोवर माझे हातपाय गार पडले होते.

सकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या कुशीवर झोपतात?" डाव्या. आणि सेन्सर डाव्याच दंडावर. दंडावर भार पडला की तिथलं पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी आटतं आणि सेन्सर साखर उगाच कमी दाखवतो. तो रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखालच्या त्या पाण्यातली मोजतो. म्हणून रक्ताच्या मानाने पाच-दहा मिनिटं मागेही असतो. आकडा आणि माणूस जुळत नसेल तर बोट टोचायचं. माणूस घामाघूम असेल, बोलणं बरळल्यासारखं असेल आणि मीटर हाताशी नसेल, तर वाट न बघता तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. काकूंनी हे कागदावर लिहून आईच्या फ्रिजवर चिकटवलं. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावला.

दुसरी अडचण यंत्राची नव्हती. दुपारी रेघ चढली की मी फोन करायचे. "आई, काय खाल्लंस?" चार-पाच दिवस तिने उत्तरं दिली. मग एकदा म्हणाली, "अगं, दंडावर कॅमेरा लावल्यासारखं वाटतंय मला. शेजारणीने वाटीभर शिरा दिला तर घास घशाखाली उतरत नाही, तू बघत असशील म्हणून."

मला रडू आलं. तिच्या जिवाची काळजी करता करता मी तिचं जेवण हिरावून घेत होते. त्या रात्री आम्ही फोनवर बसून ठरवलं, तिने सांगितलं आणि मी लिहिलं. ७०च्या खाली गेलं तर मी फोन करायचा, कितीही वाजता. दोन तास सलग ३००च्या वर राहिलं तरच विचारायचं. बाकी सगळं तिचं. मी ॲपमधले इशारेही तसेच लावून घेतले. हे आम्ही पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

मग संकष्टी आली. गोळ्या जेवणाच्या वेळेला बांधलेल्या, आणि संकष्टीला जेवण चंद्रोदयानंतर, नऊच्या पुढे. दुपारच्या साबुदाण्याच्या खिचडीने रेघ २८०वर नेली आणि संध्याकाळी साडेसातला ती ७८वर तिरपा बाण खाली दाखवत होती. या वेळी फोन तिचा आला. "बाण खाली आहे. अर्धा कप दूध आणि एक केळं घेतेय. गणपतीला सांगितलंय." पुढच्या भेटीत तिने स्वतःच मॅडमना विचारून संकष्टीच्या सकाळच्या गोळीचं काय करायचं ते लिहून घेतलं. साबुदाण्याच्या जागी आता वरीचे तांदूळ थोडेसे आणि दाण्याची आमटी.

मी घेतला तेव्हा एक सेन्सर साडेचार हजारांच्या आसपास पडला, चालतो १४ दिवस. पेन्शनमध्ये बारा महिने हे परवडत नाही, आणि आईसारखीला तशी गरजही नाही, असं मॅडमचं मत पडलं. औषध बदललं, आजारपण आलं किंवा पुन्हा घाम यायला लागला की एक लावायचा.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.३ आला. एका नातेवाइकांनी फोनवर हळहळ व्यक्त केली, "वाढली की हो साखर." आईने त्यांना रात्रीचा आलेख समजावून सांगितला, वीस मिनिटं. सत्तरच्या खाली एकही रात्र नव्हती.

शेवटचा सेन्सर मी काढला. कडेला खोबरेल तेल लावलं, दोन मिनिटं थांबले, मग अलगद सोलला. दंडावर गोल ठसा राहिला होता, दोन दिवसांत गेला. त्या रात्री मी तिच्याच खोलीत झोपले आणि पहाटे उठून आधी तिच्या उशीवर हात फिरवला. अभ्रा कोरडा होता. ती स्वयंपाकघरात होती, दूध वर आलेलं बघून गॅस बारीक करत होती. "जागी झालीस? चहा टाकू?" म्हणाली, माझ्या नावाने हाक मारून.