फेरफार कोणी केला?

परळच्या एका रुग्णालयात मी क्लिनिकल ट्रायलची को-ऑर्डिनेटर आहे. लोकांना वाटतं, आम्ही नवी औषधं देतो. प्रत्यक्षात अर्धा दिवस फ्रीजच्या तापमानाच्या नोंदी आणि सुका बर्फ घेऊन येणाऱ्या कुरिअरवाल्याला फोन करण्यात जातो. उरलेला वेळ संमतीपत्र समजावण्यात.

सध्याच्या ट्रायलमधलं औषध म्हणजे एक 'म्यूटीन'. नाव सांगता येत नाही, करारच तसा आहे. म्यूटीन म्हणजे म्यूटेशन आणि प्रोटीन यांची सांधेजोड: रचनेत बदल झालेलं प्रथिन. सीटस या अमेरिकन कंपनीच्या १९८५ च्या एका पेटंटच्या शीर्षकातच हा शब्द आहे, इंटरल्यूकिन-२ या रोगप्रतिकारशक्तीतल्या प्रथिनासंदर्भात. त्या प्रथिनात १३३ अमिनो आम्लं, त्यांत सिस्टीन तीन. ५८ आणि १०५ क्रमांकाची एकमेकांना बांधलेली, १२५ वं मोकळं. हे मोकळं सिस्टीन भलत्याशीच जोडलं जातं आणि प्रथिनाची घडी बिघडते. म्हणून तिथे सेरीन बसवलं. त्यातून आलेलं अल्डेसल्यूकिन १९९२ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. जनुकात आपोआप बदल होऊन तयार झालेल्या प्रथिनालाही हा शब्द लागू पडतो, पण औषधांच्या धंद्यात म्यूटीन म्हटलं की तो बदल हेतुपुरस्सर केलेला असतो. लिस्प्रो इन्सुलिनमध्ये २८ आणि २९ व्या जागांची अदलाबदल आहे, म्हणजे तेही म्यूटीनच. पण डायबेटिसवाले त्याला 'अ‍ॅनालॉग' म्हणतात. प्रत्येकाची आळी वेगळी.

भाषांतर करणाऱ्या एजन्सीने मराठी फॉर्ममध्ये काय लिहिलं? 'उत्परिवर्तित प्रथिन'. शब्द कोशातला आहे, चूक काहीच नाही. पण २०२१ मध्ये पेपरांनी कोरोनाचं उत्परिवर्तन म्हणून जी भीती घातली ती लोक विसरलेले नाहीत, आणि प्रथिन म्हटलं की त्यांना डाळ-अंडी आठवतात. हा फॉर्म रुग्णासमोर बसून एकदाही न वाचलेल्या माणसाने लिहिलाय, हे दुसऱ्या ओळीतच कळतं.

त्या मंगळवारी महाडचे एक काका आले. लालबागला पुतण्याच्या खोलीवर उतरलेले, हातात फायलींची प्लास्टिकची पिशवी. संमतीच्या रेकॉर्डिंगसाठी कॅमेरा सुरू केला. तिसऱ्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"ताई, हे उत्परि... काय?"

"म्यूटेशन, काका."

"म्हणजे फेरफार ना? सातबाऱ्यावर नाव बदलतं, त्याला तहसीलला म्यूटेशनच म्हणतात."

मी हो म्हटलं. तिथून पुढे फॉर्म काकांनीच चालवला.

"मग फेरफार आपोआप पडला की कोणी घातला?"

"घातला. मुद्दाम, प्रयोगशाळेत."

"मूळ कोणाच्या नावावर?"

"मूळ प्रथिन आपल्याच शरीरात असतं."

"मग शरीराला नोटीस दिली का? त्याने हरकत घेतली तर?"

पुतण्या हसला. मीही हसले. काका हसले नाहीत, आणि मग माझंही हसू विरलं. कारण हीच गोष्ट नवव्या पानावर आहे: शरीर या औषधाला परकं समजून त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं, मग औषध निकामी होतं. त्याहून वाईट म्हणजे त्या अँटीबॉडी आपल्या मूळ प्रथिनावरही उलटू शकतात. एरवी हे पान मी "अधूनमधून रक्त तपासू" एवढ्यात उरकते. कबूल करते. त्या दिवशी वीस मिनिटं लागली. मधे डॉक्टर दारातून डोकावून "झाली का सही?" विचारून गेले. त्यांच्या लेखी संमती म्हणजे शेवटचं पान.

काकांनी त्या दिवशी सही केली नाही. भावाला विचारतो म्हणाले, कागद घेऊन गेले. शुक्रवारी येऊन केली.

दरम्यान मी एजन्सीला कळवलं, की 'मुद्दाम फेरफार केलेलं प्रथिन' असं लिहा. त्यांनी नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाकडून त्याचं पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून घेतलं, ते आलं 'टॅम्पर्ड प्रोटीन'. प्रस्ताव तिथेच मेला. मी चिडले, पण त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. हिशेबात फेरफार, मार्कांमध्ये फेरफार, हे आपणच म्हणतो. 'बदल केलेलं' लिहावं तर ते शर्टाच्या बाह्यांनाही चालतं.

फॉर्म आहे तसाच राहिला. पुढच्या महिन्यात कंपनीचा मॉनिटर येईल, कागद आणि रेकॉर्डिंग ताडून बघेल. काल मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मी आणि काका मिळून सतरा वेळा फेरफार म्हणालोय. त्यांनी सही केलेल्या कागदावर तो शब्द एकदाही नाही.