डुकरं किती होती?

सोमवार, रात्री साडेदहा

सकाळी फोनवर बाबांशी खोटं बोलले. खोटं तरी कसं म्हणू, अर्धंच सांगितलं. "उतरलायत कुठे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जुनं दगडी घर आहे, टेकडीवर. समुद्र दिसतो." यातला एकही शब्द खोटा नाही. तरी तेव्हापासून जेवण गोड लागलेलं नाही.

राहिलं एवढंच सांगायचं, की हे घर डुकरांसाठी बांधलेलं आहे.

नावच पिगस्टाय, म्हणजे डुकरांचा गोठा. इंग्लंडात, यॉर्कशायरच्या किनाऱ्याला, रॉबिन हूड्स बेच्या वरच्या अंगाला. १८८०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या फायलिंग हॉलचे जमीनदार बॅरी भूमध्य समुद्राकडे फिरून आले. तिकडची जुनी देवळं डोळ्यांत भरली असावीत. घरी येऊन त्यांनी डुकरांसाठी तसंच घर उभं केलं. समोर खांबांची ओळ, वर त्रिकोणी माथा, लांबून कोणीही देऊळच म्हणेल. डुकरं गेली, घर पडून राहिलं, मग जुन्या वास्तू जपणाऱ्या लँडमार्क ट्रस्टने ते दुरुस्त करून भाड्याने द्यायला सुरुवात केली. दोघांपुरतं घर. टीव्ही नाही, वायफाय नाही. पुस्तकांचं कपाट आहे, आणि टेबलावर एक जाड वही, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लिहायला. ह्याने काल पान भरून लिहिलंसुद्धा. मी दोनदा पेन उघडून बंद केलं.

आल्या दिवशी मी किती खूश होते! तेच आता टोचतंय. सकाळी शाल गुंडाळून चहा घेऊन खांबांमध्ये उभी राहिले. खाली उतरती शेतं, गावाची लाल कौलं, त्यामागे करडा समुद्र. एका खांबाला हात लावला. लाकूडच. रंगाच्या थराखाली उभी चीर अंगठ्याला लागली, आणि हात आपोआप त्या चिरेवरून खाली गेला, बाबांचा जातो तसा. गिरणी संपानंतर ज्यांनी रंधा हातात घेतला, त्यांच्या घरात लाकडाला हात न लावता कोणी पुढे जात नाही. तेव्हाच वाटलं होतं, बाबांना हे दाखवायला हवं. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी दगडी घर, समुद्र असलं काहीतरी सांगून मोकळी झाले.

का?

डुकरांचा गोठा म्हटल्यावर त्यांना कसंसं वाटेल म्हणून? नाही. बाबा तसे नाहीत, आई असती तर गोष्ट वेगळी. इतके पैसे घालवले म्हणून? तेही नाही, पैशांचं त्यांनी विचारलं नाही, विचारणारही नाहीत.

दिवसभर एकच आकडा डोक्यात फिरतोय. १६०. एकशे साठ चौरस फूट. वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली. त्या खोलीत आम्ही आठ जण, गावाकडून कोणी आलं की अकरा. मोरीच्या कठड्यावर बसून केलेला अभ्यास. रात्री पुरुष माणसं गॅलरीत, पावसाळ्यात तीही आत. पहाटे बादल्यांचा आवाज. बीडीडी चाळी १९२०च्या दशकात मुंबईच्या इंग्रज सरकारने बांधल्या, म्हणजे हे घर उभं राहिल्यावर तीस-पस्तीस वर्षांनी. मजल्याला वीस खोल्या, इमारतीला ऐंशी, सगळ्या एका मापाच्या, संडास सामाईक. भिंती अशा की चळवळीच्या काळात वरळीला सत्याग्रहींना त्याच इमारतींत कोंडून ठेवलं होतं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत आहे. पण इथे, या खांबांच्या मागे झोपून ते आठवणं वेगळं. इकडे जनावराने बाहेर बघावं तर समोर समुद्र असावा, म्हणून कोणीतरी कागदावर रेघा ओढत बसलं होतं. आम्हा माणसांसाठी कोणी खिडकीचा असा विचार केला होता का? पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून समोरच्या चाळीची खिडकी दिसायची. आई त्या खिडकीशी उभी राहून… जाऊ दे.

संध्याकाळी राहवलं नाही. फोनची रेंज नीट मिळावी म्हणून वरच्या गल्लीपर्यंत चढून गेले. अंधार पडत होता, वारा कानात घुसत होता. मुंबईत मध्यरात्र होत आलेली, पण बाबा जागे असतात. नव्या जागेत झोप लागत नाही म्हणतात. नवी म्हणजे ती भाड्याची, चाळ पाडून तिथे होणाऱ्या पाचशे चौरस फुटांच्या घराची चावी मिळेपर्यंतची. २०२५च्या ऑगस्टात वरळीत ५५६ जणांना चाव्या दिल्या, त्यात आपली इमारत नव्हती. दादा त्यावर रोज काहीतरी बोलतो, बाबा काही बोलत नाहीत.

म्हटलं, "बाबा, सकाळी एक सांगायचं राहिलं." आणि सगळं सांगून टाकलं. जमीनदार, देऊळ, खांब, डुकरं.

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.

"डुकरं किती होती?"

"दोन."

"दोन," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "खांब कशाचे?"

"लाकडाचे."

"आणि समुद्र जवळ. खालून कुजत असतील, बुंध्याशी बघ. वरून रंग चांगला दिसतो, लाकूड खालून जातं. बोटाच्या पेराने ठोकून बघ, कळेल तुला."

झालं. एवढंच. मी सकाळपासून ज्याची धास्ती घेऊन बसले होते, त्याबद्दल अवाक्षर नाही. रागाची मला भीती नव्हतीच, हे मला गल्लीतून उतरताना कळलं. भीती होती ती त्यांनी मोजायला बसण्याची. दोन डुकरं, आठ माणसं. ते त्यांनी केलं का? "दोन," असं म्हणून थांबले तेवढ्यात केलं असेल? की खरंच त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त लाकूड होतं? ऐंशीला टेकलेला माणूस, स्वतःची खोली पाडलेली, रात्री बारा वाजता हजारो मैलांवरच्या कोणाच्या तरी खांबाची काळजी करतो. मी इतकी वर्षं त्यांच्या वतीने अपमान जपत आले. त्यांनी तो माझ्याकडे कधी ठेवायला दिला होता का, देव जाणे.

परत आले तर हा सूप गरम करत होता. काही न बोलता मोबाईलचा टॉर्च लावून खांबांपाशी बाहेर बसले. ओलं गवत, गुडघे भिजले. बाबांनी शिकवलं तसं मधल्या बोटाचं पेर घेऊन आधी वर ठोकलं, मग हळूहळू खाली, आणि कान लावला. पहिला खांब भरीव. दुसराही भरीव. हा दारात येऊन उभा राहिला, "काय करतेयस?" म्हणाला. "बाबांनी सांगितलंय," म्हटलं. तो आत गेला आणि माझं जॅकेट घेऊन आला.

सगळे खांब झाल्यावर बाबांना मेसेज टाकला, "आवाज भरीव आहे. कुजलेले नाहीत." रेंज येत-जात होती, दोन खुणा दिसेपर्यंत उभी राहिले. उत्तर आलं, "चांगलं लाकूड वापरलंय. खोली केवढी आहे ते मोजून कळव."

टेप नाही जवळ. माझी वीत आठ इंच, त्यांनीच कधीतरी पट्टीवर हात ठेवून मोजलेली. उद्या उजेड झाला की वितीने मोजते.